बायकोच्या नावाची रायफल

"रायफल विसरा, नाहीतर खांदा विसरा," एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही आता एकत्र जमायचं नाही."

वेंडेलीनकाकांनी शांतपणे विचारलं, "कुठला खांदा?"

"उजवा."

"आणि डावा?"

"डावा उत्तम आहे."

घरी येऊन काकांनी झाडूचा दांडा डाव्या खांद्याला लावून स्वयंपाकघरात नेम धरून पाहिला. अशा वेळी कुठला डोळा मिटायचा हे चट्‌कन सुचेना, म्हणून त्यांनी दोन्ही मिटले. फळीवरची काकड्यांची बरणी खाली आली.

"काय मारलंस?" ब्लाजेनाकाकूंनी पिठातून मान वर न करता विचारलं.

"काकड्या."

"मोठ्या होत्या का?"

डॉक्टरीणबाईंनी निघताना एक पळवाट दाखवली होती. अगदीच राहवत नसेल तर कमी धक्क्याचं काहीतरी घ्या, लहानसं. खांद्याचं दुखणं काकांनी सहन केलं असतं. हे 'लहानसं' त्यांना सहन होईना.

कारण वरच्या लेहोता गावातल्या आमच्या शिकारी मंडळात गेली एकतीस वर्षं उमेदवारांना काडतुसांचा धडा वेंडेलीन कुखारिक देत आले होते. आमच्याकडे बंदूक हातात घेण्याआधी वर्षभर मंडळाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते, मग परीक्षा. जो तो काकांच्या हाताखालून गेलेला. त्यांच्या धड्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे : "नऊ-तीनच्या खाली जे काही आहे, ते दंतवैद्यांसाठी." नऊ-तीन म्हणजे नऊ पूर्णांक तीन मिलिमीटरची गोळी. रानडुक्कर, मोठं तांबडं हरीण, वेळ आली तर अस्वल, सगळ्यांना पुरून उरणारी. मंडळाचे एकोणतीस सभासद. त्यांतले सव्वीस नऊ-तीन वापरत. नऊ-तीनचा बार काढला की बंदुकीच्या एका टोकाला हरीण असतं आणि दुसऱ्या टोकाला आपण. दोघांनाही साधारण सारखंच लागतं. फरक एवढाच, की हरणाला एकदाच लागतं.

आता प्रश्न सप्टेंबरचा होता. सप्टेंबरात नर हरणं माजावर येतात आणि पहाटे डोंगरभर हंबरतात. चव्वेचाळीस वर्षांत काकांनी एकही सप्टेंबर चुकवला नव्हता. लहान काडतूस घ्यावं तर एकतीस वर्षांची जीभ आडवी येत होती, आणि न घ्यावं तर घरी बसून काकड्या मारायच्या.

तीन आठवडे त्यांनी काडतुसांची कोष्टकं वाचली. तीनशे आठ बरं होतं, पण त्याला ते भर वर्गात 'शहरी' म्हणाले होते. सात-चौसष्ट चांगलं होतं, पण त्याचा उल्लेख ते फक्त नाक मुरडण्यासाठी करत. शेवटी ते साडेसहावर येऊन थांबले. सडपातळ, लांबोडकी गोळी; धक्का असा, की कुणीतरी खांद्यावर हात ठेवून वेळ विचारावी. वर उत्तरेकडे स्वीडनमध्ये शंभराहून जास्त वर्षं लोक या काडतुसाने घोड्याएवढे मूस, म्हणजे तिकडची थोराड हरणं, पाडतात, असं पुस्तकात लिहिलं होतं. काकांनी ते पान तीनदा वाचलं. मूस पडत होते. हे काडतूस दंतवैद्यांसाठी आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"काय वाचतोस रे इतकं?" काकूंनी विचारलं.

"लढायांचा इतिहास."

"कोण जिंकतंय?"

"स्वीडन," काका खिन्नपणे म्हणाले.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून ते चाळीस किलोमीटरवरच्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुकानात गेले. दार ढकलताच गल्ल्यामागून आरोळी आली, "वेंडेलीनकाका!" तो राडो होता. नऊ वर्षांपूर्वीचा त्यांचा उमेदवार. लग्न करून इकडे आला आणि त्याने दुकान टाकलं, हे काकांच्या कानावर आलंच नव्हतं. त्याच्या डोक्यावर, भिंतीवर सोनेरी चौकट होती. चौकटीत लिहिलं होतं : 'नऊ-तीनच्या खाली जे काही आहे, ते दंतवैद्यांसाठी. – वे. कुखारिक.' चौकटीखाली एक गृहस्थ मान वर करून ते वाचत उभे होते.

"मी दंतवैद्य आहे," ते काकांना म्हणाले. "या माणसाचं मी काय वाकडं केलंय, काही कळत नाही."

"दाढ काढली असेल," काका म्हणाले.

राडोने नऊ-तीनच्या चार पेट्या आधीच काढून ठेवल्या होत्या. काकांनी त्या हळूच बाजूला सारल्या आणि काचेवर बोट टेकवलं. "ती साडेसहा दाखव."

राडोने पेट्यांवरून नजर काचेकडे नेली. दंतवैद्यांनीही मान खाली केली.

"कुणासाठी?" राडोने हलक्या आवाजात विचारलं, एखाद्याच्या घरी कोण आजारी आहे असं विचारावं तसं.

काकांच्या तोंडून निघून गेलं, "बायकोसाठी."

"ब्लाजेनाकाकू? शिकार करणार?"

"हट्टच धरलाय तिने."

"वा!" राडोचा चेहरा उजळला. "काकू परीक्षा पास होईपर्यंत ती तुमच्याच परवान्यावर चढवू. पण दस्ता त्यांच्या मापाचा हवा. काकूंचा हात केवढा आहे?"

काकांनी थोडा विचार केला. "माझ्याएवढा."

राडोने आदराने मान डोलावली आणि लिहून घेतलं.

परतीच्या वाटेला काकांना पाऊण तास लागला. बातमीला चार मिनिटं लागली. काका घरी पोचले तेव्हा दारात मंडळाचे अध्यक्ष मेटोड ग्रेगुश फुलं, गोड वाइनची बाटली आणि उमेदवारीचा अर्ज घेऊन उभे होते. मंडळात बाईमाणूस एकही नाही, याबद्दल वरून दोनदा विचारणा झाली होती. दोन्ही वेळा मेटोडनी 'प्रयत्न चालू आहेत' असं कळवलं होतं. प्रयत्न म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"वहिनी, आम्हाला सगळं कळलंय!" ते म्हणाले. "लाजू नका."

काकूंचे हात कणकेने भरलेले. त्यांनी आधी फुलांकडे पाहिलं, मग अर्जाकडे, मग मेटोडच्या मागे घोंगडीत गुंडाळलेली लांबच लांब पेटी छातीशी धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे. एवढ्या कळकळीने गप्प बसलेला माणूस काकूंनी लग्नापासून पाहिला नव्हता.

"सही कुठे करायची?" काकूंनी विचारलं.

भांडी विसळताना काकांनी सगळं सांगून टाकलं. खांदा, स्वीडन, दंतवैद्य, सगळं.

"मग मेटोडला खरं सांगून टाक ना."

"एकतीस वर्षं झाली, ब्लाजेना."

"बरं."

"पण तू सही का केलीस?"

काकूंनी ताटली पुसून ठेवली. "दर सप्टेंबरात तू पहाटे जातोस आणि बुटाला चिखल घेऊन परत येतोस. काय पाहिलंस म्हणून विचारलं की म्हणतोस, काही नाही. चव्वेचाळीस वर्षं माणूस काही नाही बघायला जातो? म्हटलं आपणही बघावं."

गुरुवारच्या वर्गाला चार तरुण उमेदवार आणि विणकाम घेऊन आलेल्या ब्लाजेनाकाकू बसू लागल्या. पहिल्याच धड्याला काकूंनी हात वर केला.

"सर, हरीण मरतं कशाने?"

"गोळीने," काका सावधपणे म्हणाले.

"मोठ्या गोळीने, की नेमक्या जागी लागलेल्या?"

"नेमक्या जागी लागलेल्या."

"मग मोठी कशाला?"

"नेम थोडा चुकला तर..."

"पण मोठीचा धक्का बसणार म्हणून आधीच डोळे मिटत असतील. नेम त्यानेच चुकत असेल तर?"

काका फळ्याकडे वळले आणि बराच वेळ फळा पुसत राहिले. फळा कोराच होता. चारही तरुणांनी काकूंचा प्रश्न वहीत लिहून घेतला आणि खाली रेघ मारली.

उन्हाळाभर काका साडेसहा घेऊन रानात जात राहिले. कुणी विचारलं तर म्हणायचे, बायकोची रायफल जुळवतोय. ऑगस्ट उजाडला तेव्हा मेटोडनी विचारलं, "अजून जुळली नाही?"

"बायकोची आहे," काका म्हणाले. मेटोड विवाहित होते. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

सप्टेंबरच्या एकोणीस तारखेला, दव अजून गवतावर असताना, वाकड्या शिंगाचा एक म्हातारा नर मोकळवनात आला आणि आडवा उभा राहिला. काकांनी बार काढला. खांद्याला पत्ताही लागला नाही. रायफलीवरच्या दुर्बिणीतून त्यांना हरीण सबंध दिसत राहिलं : ते दचकलं, चाळीसेक पावलं चाललं, गुडघ्यांवर आलं आणि कुशीवर टेकलं. काका जागचे हलले नाहीत. इतकी हरणं मारली, पण पडताना त्यांनी एकही पाहिलं नव्हतं. नऊ-तीनचा बार झाला की डोळ्यांपुढे आभाळ यायचं, आणि आभाळ बाजूला होईपर्यंत सगळं संपलेलं असायचं.

त्यांनी टोपी काढली. स्प्रूसची एक डहाळी मोडून आमच्या रिवाजाप्रमाणे हरणाच्या तोंडात शेवटचा घास म्हणून ठेवली. मग नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ शेजारी बसून राहिले.

घोटाळा मंडळाच्या खोपीवर झाला. जनावर तपासायचं काम कोर्नेलचं. तो गुरांचा डॉक्टर. त्याने जखमेला करंगळी लावली, मग खिशातून पेन्सिल काढून लावली, आणि भुवया उंचावल्या.

"नऊ-तीनच्या भोकात माझं बोट जातं. हे साडेसहा आहे."

"गावात साडेसहा एकच आहे," कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांच्या माना वळल्या. दारात ब्लाजेनाकाकू चहाचा थर्मास आणि लोणी लावलेला पाव घेऊन उभ्या होत्या.

मेटोडचा चेहरा पांढरा पडला. काकूंची परीक्षा वसंतात होती. परीक्षेआधी उमेदवाराने बार काढला तर ती चोरटी शिकार. पोलीस येणार, काकूंचं नाव कायमचं कटणार, आणि मंडळाकडचं रान जाणार ते वेगळंच.

"वहिनी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सकाळी कुठे होता तुम्ही?"

"अंथरुणात."

"साक्षीदार कोण?"

"साक्षीदार डोंगरावर होता."

"मी मारलंय!" काका ओरडले. "साडेसहाने, मीच!"

मेटोडनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, नेमका उजव्या. काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते पाहून मेटोडचेही डोळे भरून आले. "काका, बायकोसाठी तुम्ही तुरुंगात जाल, फासावर जाल, हे मान्य. पण साडेसहा वापराल? आम्ही काय तुम्हाला आज ओळखतो?"

"अरे, पण खरंच मी..."

"बास. माणूस म्हणून आज तुम्ही फार मोठे झालात."

सगळ्यांनी टोप्या काढल्या. काका इतके मोठे झाले होते, की आता त्यांचं खरं कुणाला पटणार नव्हतं.

मेटोडनी तोडगा काढला. तोवर कुणी चकार शब्द काढायचा नाही. डिसेंबरात शेवटच्या हाक्यानंतर मंडळाचं न्यायालय बसतं, तिथे बघू. हे न्यायालय थट्टेचं. वर्षभरात कुणी नेम चुकला, कुणी शेजाऱ्याची टोपी मारली, त्यांचे खटले चालतात आणि शिक्षा म्हणून पार्श्वभागावर लाकडी डाव बसतो. तिथे कबूल केलेलं पोलिसांपर्यंत जात नाही. पण तोवर काकूंची उमेदवारी स्थगित.

हा निरोप आल्यावर काकूंनी वही मिटून फडताळात ठेवली. वहीत त्यांनी ठशांची चित्रं काढली होती : रानडुकराच्या खुराचा, कोल्ह्याचा, एका पानावर अस्वलाचा, खऱ्या मापाचा. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. काकू विणकाम घेऊन स्वयंपाकघरात बसल्या आणि वर्गाच्या वेळेला खिडकीतून डोंगराकडे पाहत राहिल्या. काकांनी दार अर्धवट लोटून ते पाहिलं, आणि दार तसंच लोटून ठेवलं. असे अकरा गुरुवार गेले.

डिसेंबरात दुपारच्या कोबीच्या सूपनंतर न्यायालय बसलं. न्यायाधीश मेटोड. अंगात बायकोचा जांभळा झगा. सरकारी वकील कोर्नेल. पहिल्या आरोपीने दहा पावलांवरचं रानडुक्कर चुकवलं होतं, तीन डाव. दुसऱ्याने रानडुक्कर समजून स्वतःच्याच मोटारीचं चाक मारलं होतं. चाक जागीच ठार झालं म्हणून एक डाव माफ. मग पुकारा झाला, "वेंडेलीन कुखारिक!"

काका पुढे आले. "हरीण मी मारलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा काका!"

"अरे टाळ्या कसल्या वाजवता! खरंच मी मारलं!"

"आरोपी खोटं बोलतोय," कोर्नेल म्हणाला, "पण काय सुंदर बोलतोय."

काकांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या काकूंकडे पाहिलं. काकू हातात सूपचा मोठा चमचा धरून जमिनीकडे पाहत होत्या. काकांनी कोटाच्या आतून एक मोठं पाकीट काढलं, पाकिटातून एक्स-रे काढला, आणि तो खिडकीच्या काचेला लावून धरला. सगळं मंडळ उठून पाहायला आलं. कोर्नेलने चष्मा लावला, वर पाहिलं, खाली पाहिलं.

"हा घोडा असता," तो हळूच म्हणाला, "तर मी मालकाला बाजूला घेऊन बोललो असतो."

आता कुणी हसलं नाही.

"मेपासून नऊ-तीन उचलता येत नाही मला," काका म्हणाले. "रायफल मी माझ्यासाठीच घेतली. तिचं नाव पुढे केलं, कारण माझं पुढे करायची लाज वाटली. नऊ-तीन वाईट आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण मला आवडायचं म्हणून तुम्हा सगळ्यांच्या खांद्यांना आवडलंच पाहिजे, हे मी कशावरून ठरवलं, ते काही आठवत नाही."

मग मागच्या बाकावरून आवाज आला, "काका, मी सव्वीस वर्षं डोळे मिटून बार काढतोय."

"तू पण?" शेजारचा म्हणाला.

न्यायाधीशांनी टेबलावर डाव आपटला. "शिस्त! कोण कोण डोळे मिटतं? हात वर."

सतरा हात वर झाले. त्यांतला एक जांभळ्या बाहीतला होता. मंडळाच्या रानातली डुकरं इतकी म्हातारी होऊन का मरतात, याचा उलगडा झाला.

निकाल असा लागला : ब्लाजेनाकाकू निर्दोष, उमेदवारी चालू. वेंडेलीन कुखारिक यांना वर्षाला एक याप्रमाणे एकतीस डाव, प्रकृती पाहून हप्त्याहप्त्याने. "आणि रायफल बायकोसाठी घेतली, असा शब्द आरोपीने दुकानात साक्षीदारासमोर दिला आहे," मेटोडनी झगा सावरत वाचलं. "शिकाऱ्याचा शब्द खोटा पडू देणं न्यायालयाला शोभत नाही. रायफल ब्लाजेनावहिनींची."

सगळे पोट धरधरून हसले. काकाही हसले. तेव्हा त्यांना तो विनोद वाटला होता.

वसंतात काकू परीक्षेत पहिल्या आल्या. दुसऱ्याच दिवशी त्या कचेरीत गेल्या आणि साडेसहा आपल्या परवान्यावर चढवून घेतली. काकांनी एकदा सुचवून पाहिलं, की आणखी एक तसलीच घ्यावी का.

"एका घरात दोन कशाला?" काकू म्हणाल्या. "तू ये ना बरोबर."

तेव्हा पुढच्या सप्टेंबरात मचाणावर दोघं होते. रायफल काकूंच्या मांडीवर, दुर्बीण काकांच्या गळ्यात. पहाट नुकती फुटत होती. झाडीतून बारा फाट्यांच्या शिंगांचा नर बाहेर आला, नव्वद पावलांवर थांबला आणि मान मागे टाकून हंबरला. तोंडातून निघालेली वाफ शिंगांपर्यंत चढली.

"घे," काका कुजबुजले.

"थांब जरा."

"अगं, आडवा उभा आहे. मार ना!"

"बोलतोय तो. बोलू दे."

नर दहा मिनिटं बोलत होता. दरीपलीकडून दुसऱ्याने उत्तर दिलं, मग तिसऱ्याने. मग त्याने खुराने जमीन उकरली, अंगावर गवत उडवून घेतलं आणि निवांत झाडीत निघून गेला. काकू हसल्या.

"का नाही मारलास?"

"फ्रीजर भरलाय."

ही आठवी खेप होती. काकांना रागवायचं होतं. पण आपण दहा मिनिटं दुर्बीण डोळ्यांवरून काढलेली नाही आणि चहा केव्हाच थंड झालाय, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि राग कुठून सुरू करावा ते समजेना.

खाली उतरल्यावर काकूंनी मंडळाच्या नोंदवहीत लिहिलं : 'काडतुसं : शून्य. नर, बारा फाटे. आवाज भारदस्त. प्रकृती उत्तम.'

दुपारी मेटोडचा फोन आला. ते काळजीत होते.

"काका, वहिनींच्या आठ खेपा झाल्या. आठही वेळा समोर नर, आणि आठही वेळा रिकाम्या हाताने. मला खरं सांगा, काडतुसात काही खोट आहे का? मंडळातले सात जण तेच घ्यायचं म्हणताहेत."

काकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात काकू दोघांच्याही बुटांचा चिखल काडीने खरवडत बसल्या होत्या.

"नाही रे," ते म्हणाले. "खोट काहीच नाही. नेमकं लागतं."

"कुणाला?"

काकांनी थोडा विचार केला, आणि फोन दुखऱ्या खांद्यावरून चांगल्या खांद्याकडे घेतला.

"घेऊ दे त्यांना," ते म्हणाले.